जीन्सची सुई आणि मांजरीची गादी

उरल्यासुरल्या चिंध्यांची मांजरीसाठी गादी शिवायला घेतली आणि जुन्या जीन्सच्या चौपदरी कडेवर शिलाई मशीनची १४ नंबरची नेहमीची सुई कट्कन मोडली. मग खास जीन्ससाठी मिळणारी १६ नंबरची आणली. दांडी जाड, टोक धारदार. हँडल हाताने फिरवत कोपरा घेतला, एकही टाका सुटला नाही. पण याच सुईने आतली पातळ सुती खोळ शिवू नका, भोकं दिसतात. माझी दिसतायत! भरायच्या चिंध्या बोटभर कापल्या, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. सुटे दोरे तेवढे वेचून टाकले. मांजरीने गिळले तर आतड्यात अडकतात. सुईला पाचपैकी चार. मांजर अजून चिंध्यांच्या ढिगावरच झोपते.