मेटल डिटेक्टर घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मेटल डिटेक्टरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेली असते ती खोली, आणि सगळ्यात कमी भरवसा ठेवावा तोही तिच्यावरच. दांड्याच्या टोकाच्या तबकडीतून, म्हणजे कॉइलमधून, निघणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरताना अंतराच्या घनाने विरत जाते. ते नाण्यापर्यंत पोचले की नाण्यात भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) उठतात, आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र वर येताना पुन्हा तसेच विरते. कॉइलपासून जरा दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले तर सिग्नल जवळजवळ चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणून अडीचशे डॉलरचे यंत्र स्वच्छ मातीत जे नाणे २० सेंटिमीटरवर दाखवते, तेच नाणे पंधराशे डॉलरचे यंत्र ४० सेंटिमीटरवर दाखवणार नाही. फरक पडलाच तर दोन-चार बोटांचा.

जास्तीचे पैसे जातात ते दुसऱ्याच गोष्टींना: गंजक्या खिळ्याला चिकटून पडलेले नाणे वेगळे ऐकू येणे, ओल्या खारट वाळूत यंत्राने शांत राहणे, ते पाण्यात बुडवता येणे, आणि एकाच वस्तूवरून चार वेळा कॉइल फिरवली तर चारही वेळा पडद्यावर तोच आकडा (वस्तू कोणत्या धातूची असावी याचा अंदाज देणारा) दिसणे. यातले आपल्याला काय लागते, हे आपण कुठे फिरणार यावर ठरते.

हा छंद खऱ्या अर्थाने रुजला आहे तो ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात, म्हणून पुढच्या किमती अमेरिकी डॉलरमध्ये आणि अंदाजाने दिल्या आहेत. मोसम आणि दुकान बदलले की त्या थोड्या हलतात.

तीनशे डॉलरच्या आसपास चार यंत्रे खरोखर विचारात घेण्याजोगी आहेत. गॅरेट एस (ACE) ३०० हे टेक्सासच्या कंपनीचे साधे, दणकट यंत्र: ८ किलोहर्ट्झ फ्रीक्वेन्सी (म्हणजे क्षेत्राची सेकंदाला आठ हजार आवर्तने), ७ बाय १० इंची कॉन्सेंट्रिक (एकात एक वेटोळ्यांची) कॉइल, चार डबल-ए सेल, ० ते ९९ आकडे. पहिल्याच दिवशी हाताळता येते आणि नाण्याची जागा अचूक दाखवते. पण मातीशी जुळवून घेण्याची (मातीतल्या लोहाचे उत्तर वजा करण्याची) सोय कारखान्यातच ठरलेली, आपल्याला बदलता येत नाही. लोहयुक्त मातीत ते आधी खोली गमावते आणि मग डोके. पडद्याची पेटी जलरोधक नाही, त्यामुळे पाऊस आला की प्लॅस्टिकची पिशवी बांधा. बाग, शाळेचे मैदान, कोरडी वाळू एवढ्यासाठी ठीक. पण आज याच पैशांत याहून बरे मिळते.

मिनलॅब व्हँक्विश ३४० साधारण दोनशे ते अडीचशेला मिळते. या किमतीत एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारे यंत्र पूर्वी मिळत नसे. ओल्या किनाऱ्यावर याचा फायदा लगेच कळतो: खारे पाणी स्वतःच वीज वाहते, त्यामुळे एका फ्रीक्वेन्सीच्या यंत्राला ओली वाळूच धातू वाटते. अनेक फ्रीक्वेन्सींच्या यंत्राला मीठ आणि धातू यांच्या उत्तरांतला फरक ताडून मीठ वजा करता येते. उणे बाजू अशी की ३४० ला पिनपॉइंटचे (वस्तूची नेमकी जागा दाखवणारे) बटण नाही आणि पडद्यामागे दिवा नाही. पिनपॉइंटचे बटण याच्या वरच्या ४४० मध्ये आहे. ते नसल्याचा त्रास मात्र युक्तीने टळतो. याची कॉइल डीडी प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या दोन डी-आकाराच्या वेटोळ्यांची) आहे. सिग्नल मिळाला की कॉइल दोन्ही बाजूंना बारीक हलवत हळूहळू स्वतःकडे ओढा. आवाज ज्या क्षणी तुटतो, त्या क्षणी वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखाली असते. दहा-बारा वेळा केले की हात बसतो.

तिसरे इस्तंबूलच्या नोक्ताचे सिम्प्लेक्स. १२ किलोहर्ट्झ, ११ इंची डीडी कॉइल, आतच चार्ज होणारी बॅटरी, कंपनाचा इशारा, आणि संपूर्ण यंत्र पाण्यात बुडवता येते. मुख्य म्हणजे हे यंत्र आपण स्वतः मातीशी जुळवू शकतो. चौथे मिनलॅबचेच एक्स-टेरा प्रो: तेही पूर्ण जलरोधक, ५ मीटरपर्यंत, आणि ५, ८, १०, १५ किलोहर्ट्झ यांपैकी एक फ्रीक्वेन्सी निवडता येते. मोठी चांदीची, तांब्याची नाणी ५ वर चांगली बोलतात. ब्रिटनमधल्या शेतात सापडतात तशी मध्ययुगीन, कागदासारखी पातळ, हाताने ठोकलेली नाणी १५ वर.

इथेच खरी मेख आहे. व्हँक्विशला खारट वाळू चालते, पण पाणी चालत नाही: कॉइल बुडाली तर हरकत नाही, पेटी बुडाली की संपले. सिम्प्लेक्स आणि एक्स-टेरा प्रो यांना पाणी चालते, पण ओल्या खारट वाळूत ती बडबडू लागतात. संवेदनशीलता उतरवली की गप्प बसतात, पण बारीक अंगठीच्या बाबतीतही गप्प बसतात. म्हणजे शेत, बाग, नदी, तळे असेल तर सिम्प्लेक्स किंवा एक्स-टेरा प्रो. भरतीच्या रेषेच्या वर आणि जरा खाली, पण लाटांपासून दूर फिरायचे असेल तर व्हँक्विश. समुद्रात गुडघाभर उतरायचे असेल तर या चौघांपैकी कोणीच नाही.

त्यासाठी पुढची पायरी चढावी लागते. नोक्ता लेजंड साडेपाचशे-सहाशेच्या घरात, मिनलॅब इक्विनॉक्स ७०० सातशेच्या आसपास. दोन्ही अनेक फ्रीक्वेन्सींची आणि दोन्ही बुडवता येणारी. इथे आणखी एक गोष्ट मिळते ती म्हणजे सावरण्याचा वेग: एका वस्तूवर वाजल्यानंतर दुसरीसाठी यंत्र किती लवकर मोकळे होते. जुन्या घराच्या जोत्यात चौरस फुटाला आठ-दहा खिळे पडलेले असतात. संथ यंत्राच्या कानात त्या सगळ्यांचा एकच ‘घुर्र’ होतो आणि मधले नाणे झाकून जाते. अशा जागी सहाशे डॉलरचे यंत्र तीनशेच्या यंत्राला कितीतरी मागे टाकते, आणि ते खोलीमुळे नव्हे. लेजंडमध्ये फेरफार करायला जास्त वाव आहे, इक्विनॉक्सचे आकडे शिकायला सोपे. पैशाच्या मोबदल्यात लेजंड पुढे. इक्विनॉक्स ९०० चे जास्तीचे पैसे सोन्याचे बारीक कण शोधायचे असतील तरच द्या, कारण त्यासाठीचा मोड ७०० मध्ये नाही.

त्याही वर फ्रान्सची एक्सपी डिअस २ आणि मिनलॅब मँटिकोर आहेत. डिअसची कॉइल वायरविना पेटीशी बोलते आणि सगळे यंत्र एक किलोच्याही आत बसते. सहा तास शेत तुडवल्यावर खांद्याला त्याची किंमत कळते. पाण्याखाली मात्र रेडिओ लहरी पोचत नाहीत, म्हणून तिथे अँटेनाची वायर जोडावी लागते. पहिले यंत्र म्हणून ही दोन्ही घेऊ नका. आवाजातले फरक कानाला कळेपर्यंत पन्नास-साठ तास जातात, आणि तोवर त्यांची अर्धी अक्कल वाया जाते.

बिननावाच्या, पाच-दहा हजार रुपयांना ऑनलाइन मिळणाऱ्या यंत्रांबद्दल थोडक्यात. वाटेतला दगड कॉइलला लागला की वाजतात, केबल हलली की वाजतात, मातीशी जुळवून घेण्याची सोय नसते. बागेत पडलेली किल्ली सापडेल. छंद म्हणून मात्र दुसऱ्या रविवारी यंत्र माळ्यावर जाईल.

हातात चारशे डॉलर असतील तर चारशेचे यंत्र घेऊ नका. दोनशे ते अडीचशेचे यंत्र, सव्वाशे-दीडशेचा पिनपॉइंटर आणि उरलेल्यात दातेरी धारेचे पोलादी खुरपे. पिनपॉइंटर म्हणजे हातभर खड्ड्यात घालायचा गाजराएवढा छोटा डिटेक्टर. गॅरेटचा नारंगी प्रो-पॉइंटर एटी ६ मीटरपर्यंत जलरोधक आहे. चिखलात चिखलाच्याच रंगाचे नाणे हाताने चाचपत बसण्यात दहा मिनिटे जातात, पिनपॉइंटरने अर्धे मिनिट. दिवसभरात चाळीस खड्डे होतात, हिशेब आपला आपण करा.

यंत्र घरी आले की आधी अंगणात १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर ओळखीची नाणी पुरून आकडे वहीत लिहा. हवेत नाणे धरून केलेली चाचणी मातीत टिकत नाही. सिम्प्लेक्ससारखे यंत्र मातीशी जुळवताना धातू नसलेली जागा शोधा, बटण दाबून धरा आणि कॉइल साधारण १५-२० सेंटिमीटर उचलून जमिनीपासून ३ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा. आवाज सपाट होईपर्यंत हेच करत राहा. धातू असलेल्या जागी जुळवले तर पुढचा सगळा दिवस चुकीचा जातो, आणि नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. त्यानंतर संवेदनशीलता. पूर्ण चढवून ठेवायची खुमखुमी सगळ्यांना असते. विजेच्या तारांखाली किंवा खिशातल्या मोबाइलमुळे यंत्र कचकचू लागले तर एकेक पायरी खाली या. शांत यंत्र कमी पायरीवरही जास्त शोधून देते. कॉइल झोपाळ्यासारखी टोकाला वर उचलली जाऊ नये, सरळ फिरावी, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढावा.

आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका. पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी, अमेरिकेचे पाच सेंटचे ‘निकेल’ नाणे आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. यंत्राला कड्यांचे आकडे गाळायला (म्हणजे त्यांवर न वाजायला) लावले की अंगठ्याही गळतात. १९८२ नंतरची अमेरिकी पेनी जस्ताची असल्याने जुन्या तांब्याच्या पेनीपेक्षा खालचा आकडा दाखवते. ब्रिटनची १ आणि २ पेनीची नाणी १९९२ पासून पोलादावर तांब्याचा मुलामा देऊन निघतात. आपली हल्लीची एक-दोन रुपयांची स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे लोखंड गाळायला लावले की तीही गळून जातात. (यात फारसे नुकसान नाही म्हणा.) गंजलेले बाटलीचे बूच मात्र नाण्याचा आव आणते. त्याच्यावरून नव्वद अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवा. नाणे दोन्ही दिशांनी सारखे बोलते, बूच तुटक.

महाराष्ट्रात ही यंत्रे मागवली जातात ती बहुधा हरवलेल्या दागिन्यासाठी. तिथे दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. बारीक साखळी डिटेक्टरला जवळजवळ दिसतच नाही, कारण यंत्र तिला एक वस्तू न मानता एकेक कडी सुटी पाहते. मंगळसूत्र हरवले तर सापडतील त्या वाट्या, साखळी त्यांच्या मागून येईल. दुसरी गोष्ट माती. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट (चुंबकी लोहखनिज) असते, कोकणच्या जांभ्यात लोह ठासून भरलेले, आणि रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटची (लोह-टायटॅनियमच्या खनिजाची) काळी वाळू. मातीशी न जुळणारे यंत्र अशा ठिकाणी कोपराइतक्या खोलीच्या गप्पा मारते आणि चार बोटांवर थांबते. इथे सिम्प्लेक्स किंवा लेजंड घ्या, एस ३०० नको.

कायद्याचे भान खरेदीच्या आधीच ठेवा. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित किल्ल्यांवर आणि लेण्यांजवळ डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचारही नको. इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी लागते, १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली येणारी वस्तू १४ दिवसांत कोरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावी लागते, आणि थेम्सच्या काठावर लंडनच्या बंदर प्राधिकरणाच्या परवान्याविना नुसते शोधणेही चालत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या पट्ट्यात जायचे तर ‘मायनर्स राइट’ (खनिज शोधण्याचा परवाना) घ्या, तो १० वर्षे चालतो. पण तिथली माती इतकी लोहयुक्त की वरची यंत्रे लंगडी पडतात. पल्स इंडक्शनची (थांबून थांबून चुंबकीय क्षेत्राचे झटके सोडणारी) यंत्रे लागतात, आणि त्यांच्या किमती हजारांत सुरू होतात.

निगेत एकच गोष्ट सगळे विसरतात. कॉइलखालचे प्लॅस्टिकचे झाकण काढून धुवा. त्यात अडकलेली काळी वाळू कॉइलबरोबरच फिरते आणि खोटे सिग्नल देते, आणि लोक यंत्र बिघडले म्हणून दुकानात नेतात. समुद्रावरून आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवून, चार्जिंगचे धातूचे ठिपके कोरडे करून मगच चार्जर लावा. ओल्या मिठावर वीज सोडली की ते ठिपके महिन्याभरात काळे पडतात.

जुने यंत्र घेत असाल तर कॉइलला दांडा जोडणारे कान तपासा, तडे तिथेच जातात. केबल पेटीत शिरते तिथे ती वाकवून पाहा. आवाज तुटला तर आतली तार तुटलेली आहे. सीलबंद बॅटरी असेल तर पूर्ण चार्ज करून किती तास चालते ते विकणाऱ्यासमोरच पाहा, नाहीतर चार डबल-ए सेलचे यंत्र शोधा. ते शेताच्या बांधावर बसूनही पुन्हा सुरू करता येते.