संभाजीनगरातलं समुद्री माशांचं दुकान: डॅमसेल घेणार असाल तर

मासे चांगले, सल्ला अर्धवट. डॅमसेल, म्हणजे छोटे पण भांडखोर समुद्री मासे, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात, त्यामुळे शेपट्या कुरतडलेल्या दिसत नाहीत. सांगितलं तर समोर खाऊ घालून दाखवतात. जो खात नाही तो घेऊ नका.

खटकतं ते एकच: काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॉमिनो डॅमसेल ‘छोट्या टाकीला चालतो’ म्हणून गळ्यात मारतात. विकताना तो असतो दोन-तीन सेंटिमीटरचा, वाढतो १४ पर्यंत. ठिपके पुसट होत जातात आणि दादागिरी वाढत जाते. एक कपार धरली की नव्या माशाला तिथं फिरकू देत नाही. अंडी राखायचं काम नराचं. तेव्हा तो टाकीत घातलेल्या हातालाही चावतो.

१५० लिटरच्या टाकीत पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल एकच घ्या, सात सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. तोही बाकी मासे रुळल्यावर, शेवटी सोडा. मारामारी सुरूच झाली तर दगडांची मांडणी बदला, जुनी हद्द मोडते. तरी ऐकत नसेल तर त्याला काही दिवस जाळीच्या डब्यात ठेवा.

मीठही इथं मिळतं, पण कालवायला आपलं बोअरचं जड पाणी नको, आरओचंच घ्या; घनता साध्या पाण्याच्या १.०२५ पट. मे महिन्यात पाणी झपाट्यानं आटतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. तूट साध्या आरओ पाण्यानं भरायची, खाऱ्या नव्हे. काउंटरवर हे कुणी सांगत नाही. पाणी गार ठेवायला पंखा लावलात तर आटणं आणखी वाढेल, तेव्हा रोज बघा.