टीओडी मीटर, सात महिने: तीस रुपये चाळीस पैशांचा माग

आमचा विजेचा टीओडी मीटर (टाइम ऑफ डे, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा) ऑगस्टमध्ये बसला, आता मार्च संपत आलाय. हेच मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला लिहिलं असतं तर शंभरपैकी शंभर देऊन मोकळी झाले असते. बरं झालं लिहिलं नाही. मीटरच्या नावाने शंख करणाऱ्यांनी आणि डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी, दोघांनीही शेवटपर्यंत वाचा.

आमची पुण्याच्या कर्वेनगरातली जुनी आठ फ्लॅटची इमारत. मीटर खाली पार्किंगमध्ये, जिन्याच्या पोटात. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि घरून काम करणारा मुलगा. मी सत्तावीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब सांभाळले. त्यामुळे बिल आलं की रक्कम बघून ठेवून देणं मला जमत नाही. मी उलटं वाचते, म्हणजे तळापासून वर.

आधी पैसे भरायच्या प्रीपेड स्मार्ट मीटरवरून २०२४ मध्ये केवढी ओरड झाली ते आठवत असेलच. जून २०२४ मध्ये सरकारनेच जाहीर केलं की सर्वसामान्य घरांना प्रीपेड लावणार नाही. तेव्हा हा आमचा मीटर पोस्टपेडच, बिल पूर्वीसारखं महिन्याने. नवं इतकंच की तो वेळ पाहून युनिट मोजतो. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला २०२५-२६ साठी युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. दिवसा सौरवीज भरपूर असते, ती वापरली जावी म्हणून.

ऐंशी पैसे! मी त्याच संध्याकाळी वही आखली.

वॉशिंग मशीन नऊच्या आत लावायचं नाही. इस्त्री दुपारी. चटण्या, दाण्याचं कूट, डोशाचं पीठ, मिक्सरचं सगळं काम साडेनऊनंतर. ह्यांचा शर्ट सकाळी साडेआठला इस्त्रीविना निघाला तर तसाच घालायचा. पहिले बारा दिवस तर मशीन ८.५० लाच सुरू होत होतं, कारण आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. शाळेची बस चुकू नये म्हणून मुलगा पहिलीत असताना केलेलं. तो आता एकोणतीस वर्षांचा आहे. घड्याळ मागे करायला सासूबाईंचा विरोध, म्हणून मशीनवर चिठ्ठी लावली: “आपलं ९.१० = नऊ.”

सप्टेंबरचं बिल आलं. ९३ युनिट. आमची पावसाळ्यातली सरासरी १६५. सतराशेच्या जागी साडेआठशेच्या आसपास! पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि पुढचा दर यात बराच फरक आहे, त्यामुळे शंभराच्या आत राहिलं की बिल असं धाडकन खाली येतं. हे म्हणाले, “इतकं कसं कमी झालं? बघ जरा नीट.” मी म्हटलं, शिस्त लागली की होतं. जुना मीटर पळत असणार, असंही वर सांगितलं.

आता मला ज्याची लाज वाटते ती गोष्ट. समोरच्या फ्लॅटमधले काका शहात्तरचे. काका-काकू दोघंच. त्यांचं बिल नेमकं उलटं, साडेआठशेवरून सतराशेच्या पुढे. काका जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, “नवा मीटर पळतोय, घोडा आहे घोडा.” आणि मी, हातात दळणाचा डबा, पाचव्या पायरीवर उभी राहून त्यांना म्हटलं, “काका, मीटर पळत नसतो हो. वापर कधी करतो ते बघायला लागतं. वही घाला.” काका गप्प झाले. काकूंनी त्या दिवसापासून दुपारची मालिका बंद केली. हॉलमधला दिवा मालवून दोघं गॅलरीत बसायला लागले. ते मला समोरून दिसत होतं आणि मी मनात म्हणत होते, बघा, माझं ऐकलं.

एवढं सगळं छान चाललं होतं. मला खटकत होती फक्त एक ओळ.

टीओडी सवलत: १९ रुपये २० पैसे. म्हणजे नऊ ते पाचमध्ये फक्त २४ युनिट. माझ्या वहीत ६२ होते. मुलाचा कॉम्प्युटर आणि पंखा दिवसाला दीड-पावणेदोन युनिट, महिन्याचे ३५. फ्रिज चोवीस तास चालतो, त्यातले आठ तास सवलतीत, ते १२. मशीन ८, इस्त्री ४, मिक्सर-फिल्टर वगैरे ३. बासष्ट गुणिले ऐंशी पैसे, एकोणपन्नास साठ. मिळाले एकोणीस वीस. तीस रुपये चाळीस पैसे गेले कुठे?

बिल निम्म्यावर आलंय आणि ही बाई तिसासाठी भांडतेय, असं घरात सगळ्यांनी बोलून दाखवलं. पण हिशेबात तीस रुपये कमी आले की पतसंस्थेत आम्ही रात्री आठपर्यंत थांबायचो. रक्कम लहान म्हणून फरक लहान नसतो.

वीज कंपनीच्या १९१२ या तक्रार क्रमांकावर फोन केला. तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कोणी आलं नव्हतं, कोणी फोन केला नव्हता. पुन्हा नोंदवली, पुन्हा निवारण. अशी तीन निवारणं माझ्या मोबाइलमध्ये जपून ठेवली आहेत. मग मुलगा म्हणाला, वीज कंपनीच्या अॅपमध्ये वेळेनुसार वापर दिसतो तो बघ. त्यात शिरायला आठवडा गेला, कारण बिलाला जोडलेला नंबर ह्यांच्या बंद पडलेल्या सिमचा होता.

आणि या मीटरचं मला जे खरंच आवडतं ते इथे सुरू झालं. तो आलेख. कालचा दिवस आज दिसतो, लगेच दिसत नाही, पण दिसतो. रात्रभर आडवी रेघ, आणि पहाटे साडेपाचला एक सुळका. रोज. रविवारीसुद्धा.

आमच्याकडे सात वाजेपर्यंत गिझरला कोणी हात लावत नाही. साडेपाचला जागं कोण असतं? सासूबाई. मी अगदी गोड आवाजात विचारलं, “आई, तुम्ही पहाटे गिझर लावता का?” त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “चाळीस वर्षं बंबातलं पाणी घेतलंय मी, तुझ्या गिझरची चोरी कशाला करू?”

दिवाळीत उलगडा झाला. पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, दुपारी आम्ही सगळे वाईला माहेरी गेलो. सासूबाईसुद्धा. निघताना फ्रिज रिकामा केला, मेन स्विच मी स्वतः खाली ओढला. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी ओवाळणीची पाकिटं आवरत होती आणि मी सवयीने अॅप उघडलं.

आदल्या पहाटे साडेपाचला सुळका.

अंगावर काटा आला. पहिला विचार, चोर शिरलाय. दुसरा विचार, मेन बंद असलेल्या घरात शिरून अंघोळ करणारा चोर? मग तिसरा. आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे रोज सहाला विष्णुसहस्रनाम सुरू होतं. त्याआधी बादलीचा आवाज. त्याआधी नळाचा.

ती अंघोळ काकांची होती. अडीच महिने मी काकांचा आलेख बघत होते आणि माझं बिल काका भरत होते. शिवाय नऊच्या ठोक्याला मशीन लावून, इस्त्री दुपारी ढकलून मी जी सवलत कमावत होते, ती त्यांच्या बिलात जमा होत होती.

रविवारी परत आलो. मी खाली मीटरसमोर, मुलगा वर, कानाला फोन. मीटरवर बारीक अक्षरांत ३२०० लिहिलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आमच्या म्हणवणाऱ्या मीटरचा दिवा दहा-अकरा सेकंदांनी एकदा लागत होता. “गिझर लाव.” काही फरक नाही. शेजारचा मीटर मात्र पिसाळला, सेकंदाला जवळजवळ दोनदा. “बंद कर.” शांत. “लाव.” पुन्हा तडतड. पाच वेळा केलं. तिथे स्कूटर पुसणारा तळमजल्यावरचा मुलगा म्हणाला, “मावशी, काही बिघडलंय का?” मी म्हटलं, “नाही रे, बरोबर चाललंय.” मीटर बरोबरच चालत होते. दोन्ही.

घोळ कुठे झाला तेही सांगते, कारण जुन्या इमारतींत हे होऊ शकतं. काही वर्षांपूर्वी सोसायटीने मीटरची फळी रंगवून घेतली. रंगाऱ्याने जुने नंबर पुसले आणि नवे लिहिताना ५ आणि ६ उलटे लिहिले. तेव्हा काही बिघडलं नाही, कारण मीटर आणि ग्राहक क्रमांक यांची जोडी कागदावर नीट होती. ऑगस्टमध्ये बसवणाऱ्या मुलाने दोन्ही जुने मीटर एकदम उतरवले, माझ्याकडून बिल घेतलं, विचारलं “फ्लॅट नंबर?”, मी म्हटलं “पाच”, आणि त्याने फळीवरच्या पाचाखालचा मीटर माझ्या नावावर चढवला. त्याला दिवसाला किती बसवायचे असतात कोण जाणे. पंधरा मिनिटांत दोन्ही आटोपून गेलासुद्धा. तेव्हा मी खाली उभीच होते, पण बघत नव्हते. त्याला पाणी हवंय का विचारत होते.

आता, दोन दिवस मी काकांना सांगितलं नाही. खोटं कशाला लिहू? वहीत आकडा मांडून बघितला होता, अडीच हजारांच्या वर जात होता. चूक माझी नाही, कुणाच्या लक्षात आलेली नाही, काका सोसतायत. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, “तीस रुपयांसाठी तीन तक्रारी केल्यास. आता किती करणार?” मी चिवड्याचा डबा घेऊन समोर गेले. हॉलमध्ये दिवा नव्हता. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “म्हणजे मी वही घालायची गरज नव्हती.” एवढंच. काकू मात्र उठल्या, दिवा लावला, टीव्ही लावला, मगच चहा टाकला.

दुरुस्तीला पुढे सात आठवडे लागले. दोघांच्या सह्यांचा एकच अर्ज, दोघांची बिलं, दोन्ही मीटरांचे क्रमांक दिसतील असे फोटो. फोनवरच्या तक्रारीने हललं नव्हतं ते कागदाने हललं. हा माझा ठाम सल्ला: वीज कंपनीच्या उपविभागाच्या कार्यालयात लेखी द्या, शिक्क्यासह पोच घ्या, आणि ‘मीटर फास्ट आहे’ असं लिहू नका. तसं लिहिलं की मीटर तपासायला नेतात आणि तो बरोबरच निघतो. काकांचं तेच झालं असतं. ‘मीटरची अदलाबदल झाली आहे, जागेवर येऊन पाहा’ असं लिहा. पाहणीला आलेला माणूस चांगला होता. त्याने एकदाच मेन पाडला, एकदा वर केला, मान हलवली आणि लिहून घेतलं.

नवा मीटर बसला असेल तर त्याच आठवड्यात हे करा. सगळं घर बंद, मेन खाली, आणि बघा लाल दिवा थांबतो का. दहा मिनिटांचं काम आहे. मला ते करायला अडीच महिने लागले, आणि मी हिशेबातली.

बाकी मीटरबद्दल तक्रार नाही. आपला आलेख मिळाल्यावर कळलं की रात्री दोनलासुद्धा आमचं घर शंभर वॅट खातं. सेट-टॉप बॉक्स आणि मुलाचे दोन स्क्रीन बटणावरून बंद करायला लावले. एक गोष्ट मात्र मनाला पटत नाही. मी काकांच्या अंघोळीची वेळ, ते गावाला गेले ते दोन दिवस, काकूंनी मालिका बंद केली ती तारीख, हे सगळं घरबसल्या पाहिलं होतं. त्यांना सांगितलं नाही.

आणि सवलत? मार्चच्या बिलात ५९ युनिट, ४७ रुपये २० पैसे. माझ्या वहीशी जुळलं. महिन्याला पन्नासाच्या आत-बाहेर, तेही मुलगा दिवसभर घरी असतो म्हणून. सगळे बाहेर जाणारं घर असेल तर फार आशा धरू नका आणि नवऱ्याचा शर्ट इस्त्री करून द्या.

फरकाचं बिल फेब्रुवारीत आलं. चार महिन्यांचे ३,४१२ रुपये, मला भरायचे. भरले, मुदतीआधी भरले. काकांच्या बिलातून त्यांचे वळते झाले. पण ते फरकाचं बिल मी तळापासून वर वाचलं. त्यांनी युनिटांचा फरक लावलाय, स्लॅबही बरोबर लावलेत, त्या युनिटांवरची दिवसाची सवलत मात्र धरलेलीच नाही. १४८ युनिट, ऐंशी पैशांनी ११८ रुपये ४० पैसे.

अर्ज दिलाय. पोच घेतली आहे.