तुंबलेल्या सिंकसाठी पावडरची पुडी की स्प्रिंग?

स्वयंपाकघरातील सिंक किंवा बाथरूममधील नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालचा पाणी जाण्याचा भाग, तुंबला की मुंबईतल्या बहुतेक घरांत दोनच पर्याय डोळ्यांसमोर येतात: कोपऱ्यावरच्या दुकानातून ड्रेन क्लीनरची पुडी आणायची, नाहीतर प्लंबरला फोन करायचा. पाइपात घालून अडथळा काढण्याची, हाताने फिरवायची लांब लवचीक स्प्रिंग हार्डवेअरच्या प्रत्येक दुकानात टांगलेली असते, परंतु ते प्लंबरचे हत्यार आहे असे समजून आपण तिच्याकडे पाहत नाही. आमच्या पार्ल्यातील जुन्या इमारतीत हे तिन्ही मार्ग वापरून झाल्यावर मी एकाशी स्थिरावलो आहे. ज्यांना आज ही निवड करायची आहे त्यांच्यासाठी तो अनुभव मांडतो. प्रत्येक घराची पाइपलाइन वेगळी असते, त्यामुळे माझे म्हणणे जसेच्या तसे लागू पडेल असा आग्रह नाही.

निवड करण्यापूर्वी अडथळा नेमका कुठे आहे एवढे पाहून घ्यावे. फक्त सिंकचेच पाणी उतरत नसेल, तर अडथळा बहुधा सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (बाटलीसारखा भाग, ज्याच्या खालच्या कपात पाणी साचून राहते), त्याला जोडलेल्या वळ्यावळ्यांच्या फ्लेक्झिबल पाइपमध्ये किंवा भिंतीतल्या पहिल्या वळणात असतो. सिंक आणि बाथरूम एकाच वेळी तुंबले असतील, किंवा वरच्या मजल्यावर कपडे धुतले जात असताना आपल्या बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर अडथळा इमारतीच्या उभ्या पाइपात किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. तेथे पुडीही चालत नाही आणि घरगुती स्प्रिंगही पोहोचत नाही. ते काम सोसायटीचे आहे आणि ते सचिवांना कळवावे. चेंबर किंवा मलनिस्सारणाच्या टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेण्याचा विचार मात्र कोणीही करू नये. पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय असे काम करून घेण्यास हाताने मैला सफाईविरोधी २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ते करणे अमानुषच ठरले असते.

आता पुडीविषयी. आपल्याकडे मिळणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुडीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना भरपूर उष्णता निघते, त्या उष्णतेने गोठलेले तूप-तेल पातळ होते आणि सोड्याशी संयोग होऊन त्याचा साबण बनतो, जो पाण्याबरोबर वाहून जातो. केसही कॉस्टिक सोड्यात विरघळतात, परंतु त्यासाठी पुरेसे तीव्र द्रावण त्यांच्यावर बराच वेळ राहावे लागते. पाणी उतरते आहे पण रेंगाळते आहे, अशा अवस्थेत पुडी चांगले काम करते हे मान्य केले पाहिजे. रात्री झोपण्यापूर्वी पुडी टाकावी आणि सकाळी बादलीभर पाणी ओतावे, एवढ्यावर काम भागलेले मी पाहिले आहे. हात घाण होत नाहीत, वाकावे लागत नाही आणि खर्च किरकोळ असतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीला सिंकखाली शिरून ट्रॅप उघडायला सांगणे योग्य नाही, हेही खरेच.

पीव्हीसीचा पाइप पुडीने खाऊन जातो अशी भीती अनेकजण घालतात. ती बरीचशी अनाठायी आहे, कारण पीव्हीसी कॉस्टिक सोड्याला सहसा दाद देत नाही. त्रास होतो तो उष्णतेचा. पीव्हीसी सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागते, म्हणून पुडी टाकून तिच्यावर उकळते पाणी ओतण्याचा जो सल्ला घरोघरी दिला जातो तो टाळावा. ॲल्युमिनियमशी मात्र कॉस्टिक सोड्याचे वैर आहे. तो धातूला खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो, त्यामुळे पुडी टाकताना सिंकमध्ये ॲल्युमिनियमचे पातेले किंवा कुकर राहता कामा नये.

मला पुडीपासून दूर नेले ते या गोष्टींनी नाही. सिंक अर्धवट नव्हे तर पूर्ण तुंबले असेल आणि पुडी अपयशी ठरली, तर पुढचे सगळे मार्ग ती स्वतःच बंद करून टाकते, ही खरी अडचण आहे. पूर्ण तुंबलेल्या सिंकमध्ये साचलेल्या पाण्यामुळे द्रावण पातळ होते आणि अडथळ्यापर्यंत पोहोचते ते त्याचे क्षीण रूप. पाणी फारच कमी असले तर उलटे घडते: दाणे ट्रॅपच्या तळाशी एकत्र येऊन दगडासारखे घट्ट बसतात, आणि मूळ अडथळ्यात आणखी एकाची भर पडते. पहिल्या परिस्थितीत सकाळी उठल्यावर समोर दिसते ते करडे, किंचित बुळबुळीत पाण्याने भरलेले सिंक, कडेला पांढरट रेषा आणि वर तरंगणारा साबणासारखा थर. या पाण्यात आता हात घालता येत नाही. रबरी पंप मारावा तर शिंतोडे डोळ्यांत उडण्याचा धोका, आणि बॉटल ट्रॅप उघडावा तर तेच पाणी खाली बसलेल्या माणसाच्या मनगटावर आणि तोंडावर येणार. फोन केल्यावर प्लंबरचा पहिला प्रश्न असतो, ‘पावडर डाला है क्या?’ आणि उत्तर हो असेल तर तो येण्याचे लांबणीवर टाकतो. त्याला दोष देता येत नाही.

त्याहून मला खटकले ते आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या बाबतीत. त्यांनी नेहमीच्या सवयीने बाही वर करून सिंकमध्ये हात घातला असता, तर त्यांच्या हाताचे काय झाले असते? सुदैवाने मी तेव्हा स्वयंपाकघरातच होतो आणि त्यांना वेळीच थांबवता आले. परंतु ज्या घरात सकाळी प्रत्येकजण कामावर निघण्याच्या घाईत असतो, तेथे रात्री कोणी पुडी टाकली आहे हे सकाळी येणाऱ्या व्यक्तीला सांगितले जाईलच असे नाही. शिवाय मुंबईत पाणी ठरावीक वेळी येते. ते आलेले असताना सिंक वापरता येत नसेल, तर भांडी, भाजी, मासळी सगळेच अडते. पुडीचा परिणाम होण्याची वाट पाहण्यात नेमकी ती वेळ निघून जाते, आणि परिणाम झालाच नाही तर पुढचा पूर्ण दिवस हातातून जातो.

स्प्रिंगची गोष्ट उलट आहे. तीही अपयशी ठरू शकते, पण अपयशी ठरल्यावर बाकीचे सर्व मार्ग खुले राहतात. सिंकमधले पाणी साधे, फार तर घाण असते. ते मगाने बादलीत काढता येते, पंप मारता येतो, ट्रॅप उघडता येतो, प्लंबर निःशंकपणे हात घालू शकतो. माझ्या दृष्टीने पारडे येथेच झुकले, आणि नंतरच्या अनुभवाने ते वर आले नाही.

वापरण्याची पद्धत सोपी असली तरी तिला थोडा संयम लागतो. आधी सिंकखाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा खालचा कप हाताने सोडवावा. निम्म्या वेळा अडथळा त्या कपातच सापडतो: चहाचा चोथा, भाताची शिते, नारळाचे दूध काढल्यावर उरलेल्या चोथ्याचे तंतू आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारे काळपट तूप. कप स्वच्छ असेल तर वळ्यावळ्यांचा पाइप भिंतीतून काढून बाजूला करावा आणि स्प्रिंग थेट भिंतीतल्या पाइपात घालावी. वळ्यांच्या पाइपातून स्प्रिंग घालण्याचा प्रयत्न करू नये, कारण तिचे टोक प्रत्येक वळीत अडकते आणि पाइप पातळ असेल तर फाटतो. स्प्रिंग पुढे ढकलायची नसते, फिरवायची असते. टोक अडथळ्याला लागल्याचे हाताला स्पष्ट कळते. तेथे मूठ एकाच दिशेने सावकाश फिरवत राहिले की कधी टोक पलीकडे निसटते, कधी गुंता स्प्रिंगला लपेटून बाहेर येतो. बाथरूमच्या ट्रॅपमधून निघणारा गुंता पाहण्यासारखा नसतो. केस, साबणाचा चिकट थर आणि खोबरेल तेल मिळून त्याची काळी दोरी झालेली असते.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबईचे रात्रीचे तापमान त्याच्या बरेच खाली जाते. आमच्याकडे बाथरूमचा ट्रॅप तुंबतो तो नेमका त्याच महिन्यांत. माझ्या मते यात योगायोग नाही. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाचे तेल आणि उटणे त्यात भर घालतात.

स्प्रिंगचे दोषही सांगितले पाहिजेत. तेलकट थर पाइपाच्या सर्व बाजूंनी जमला असेल तर ती मधून फक्त भोक पाडते. पाणी उतरते, पण काही आठवड्यांत पुन्हा रेंगाळू लागते. अशा वेळी स्प्रिंगने वाट मोकळी करून, पाणी वाहते झाल्यावर, पुडी वापरली तर दोघींचे गुण एकत्र येतात. वर्षातून एखाद्या वेळी मी तेवढेच करतो आणि त्या रात्री सिंकवर चिठ्ठी चिकटवून ठेवतो. दुसरा दोष जुन्या घरांपुरता आहे. गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या इमारतींत मोरीचे पाणी अजून बीडाच्या पाइपांतून घरगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात, उतरते. हे पाइप आतून गंजलेले असतात आणि जोर लावल्यास स्प्रिंग त्यांना भोक पाडू शकते. अशा घरात पहिल्यांदा तरी जाणकार प्लंबरला बोलवावे. नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याचा थर राखणारा जो आतला कप किंवा वाटी असते, ती आधी उचलून बाजूला ठेवावी आणि काम झाल्यावर परत बसवायला विसरू नये. तो थर नसला की झुरळे आणि दुर्गंधी थेट घरात येतात.

इतर उपायांबद्दल थोडक्यात सांगतो. रबरी पंप स्वस्त आणि निरुपद्रवी आहे, आणि ताज्या अडथळ्यावर तो सर्वांत आधी वापरून पाहावा. फक्त सिंकचे ओव्हरफ्लोचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे, अन्यथा सगळा दाब तेथून निघून जातो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की फेस भरपूर येतो. परंतु दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी, त्यामुळे तुपाच्या गोळ्यावर त्याचा उपयोग झालेला मला दिसला नाही. ॲसिड घरात आणूच नये असे माझे ठाम मत आहे. पुडी टाकलेल्या सिंकमध्ये ॲसिड ओतले तर मिश्रण उसळून अंगावर येऊ शकते, आणि ॲसिड ब्लीचिंग पावडरशी मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बाथरूमसारख्या बंद जागेत त्याचे परिणाम गंभीर होतात.

अडथळा होऊ न देणे हे स्प्रिंग फिरवण्यापेक्षा सोपे आहे, आणि त्यासाठी लागते ती एक बारीक जाळी. सिंकच्या तोंडाशी बसणारी स्टीलची जाळी चहाचा चोथा आणि शिते अडवते. बाथरूममध्ये तशीच दुसरी जाळी केस अडवते. तळणीची कढई किंवा तुपाचे पातेले घासण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावे. त्या कागदावर जेवढे तूप दिसते तेवढे पाइपात गेले असते. मासळी साफ करताना खवले कागदावर काढावेत. गणपतीत मोदकाच्या उकडीचे पातेले भिजत घालून ते पाणी सिंकमध्ये ओतण्याची पद्धत जवळपास प्रत्येक घरात आहे. ती सोडावी, कारण शिजलेल्या तांदळाच्या पिठीचा लगदा पाइपाच्या वळणावर जाऊन बसतो. उकड आधी हाताने काढून ओल्या कचऱ्यात टाकली, तर पातेले धुण्याचे पाणी बिनधोक जाते.

स्प्रिंग घ्यायची ठरवल्यास पाच मीटर लांबीची, हाताने फिरवायची मूठ असलेली घ्यावी. टोकाला थोडी फुगीर, पिळदार चोच असलेली स्प्रिंग गुंता चांगला पकडते. काही शे रुपयांत ती मिळते. घरी बोलावलेल्या प्लंबरच्या एका फेरीचा खर्च पाहिला तर ती महाग म्हणता येणार नाही. वापरून झाल्यावर धुऊन, जुन्या फडक्याने कोरडी पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा आणि उघडी टांगून ठेवावी. मुंबईच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेली ओली स्प्रिंग एका पावसाळ्यात गंजते.