साधा मल्टिमीटर गाडीच्या वायरिंगला पुरतो का?

हाताने रेंज फिरवायचा, ९ व्होल्टच्या सेलवर चालणारा स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर बॅटरी, चार्जिंग आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी असलेली जोडणी) तपासायला झकास. बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर मात्र तो जपून वापरावा लागतो.

नॉब २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे १३ दिसले म्हणून लगेच अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) काढायला घेऊ नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा.

या मीटरचे पैसे खरे वसूल होतात ते अर्थ शोधताना. बॅटरी भरलेली, तरी सेल्फ जड फिरतोय? एक प्रोब निगेटिव्हच्या शिशाच्या खांबावर टेकवा, दुसरा इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेला की अर्थमध्ये घोटाळा. मग खांबावरचा प्रोब क्लॅम्पवर सरकवून पुन्हा सेल्फ मारा. आकडा एकदम घसरला, तर खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये घाण बसली आहे. तेवढंच घासून काढा. तसाच राहिला, तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट बघा. हे काम बीपवर (वायर जुळलेली असली की वाजणाऱ्या रेंजवर) करू नका. एकच तार शिल्लक असलेली केबलही बीप देते.

व्होल्टेजही असंच फसवतं. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून कुजलेल्या वायरवरही १२ दाखवतो आणि दिवा काही लागत नाही. जोडीला ५ वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प ठेवा. मात्र एअरबॅग आणि सेन्सरच्या वायरींना तो लावायचा नाही.

आता रडगाणं: बंद गाडीत बॅटरी कोण खातं, ते शोधणं. १० अँपिअरच्या सॉकेटला बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच नसतो. वायर त्यात विसरून प्रोब बॅटरीला लावले की सरळ शॉर्ट. शिवाय त्या रेंजवर सगळ्यात लहान पायरी १० मिलिअँपिअरची. धडधाकट बंद गाडी ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी खाते, म्हणजे स्क्रीनवर ०.०५ च्या आतच खेळ. त्यापेक्षा बॅटरी न सोडवता गाडी अर्धा तास झोपू द्या (म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक्स शांत होऊ द्या), नॉब २०० मिलिव्होल्टवर आणा आणि प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना प्रोब लावा. शून्य म्हणजे करंट नाही किंवा अगदीच थोडा. आकडा आला, तर त्या सर्किटमधून करंट जातोय. फ्यूज उपटायचा नाही, कारण परत लावताना झोपलेले मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात.

सोबत येणाऱ्या वायरी बारीक आणि प्रोब बोथट असतात, त्या आधी बदला. मीटरमधला सेल उतरला की आकडे फुगतात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १३.५ दाखवत असेल, तर पहिला संशय त्या सेलवर घ्या.