वावराची माहिती गिऱ्हाईकाला: सगळी एकदम द्यावी की टप्प्याने?

कास्तकाराशी इसार करून (बयाणा देऊन) वावर धरायचं, पुढचं गिऱ्हाईक शोधायचं, खरेदीखत थेट त्याच्या नावे करून द्यायचं आणि मधला फरक आपण घ्यायचा. यवतमाळ-वाशिमकडे हा धंदा नव्याने धरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पेच पडतो: गिऱ्हाईकाला किती सांगायचं? दोन्ही रीतींनी मी कामं केली आहेत.

पहिली रीत म्हणजे सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), नकाशा, भाव, सगळं एकदम व्हॉट्सॲपवर टाकणं. तिचा फायदा खरा आहे. नागपुरात बसलेला माणूस कागद पाहूनच चक्कर मारायची की नाही ते ठरवतो, रिकाम्या फेऱ्या वाचतात. नव्या दलालावर कोणाचा विश्वास नसतो, तोही कागदाने बसतो. पण आपल्याकडे गट नंबर देणं म्हणजे मालकाचं नावच देणं. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर भरला की बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो, खातेदाराच्या नावासकट. पहिल्या वर्षी मी चार एकराचा सातबारा, म्हणजे 1 हेक्टर 62 आर, एका ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी दोन पार्ट्या सरळ कास्तकाराच्या ओसरीवर जाऊन बसल्या. माझा इसार तोंडीच होता, सौदा हातचा गेला. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. पोरीच्या लग्नासाठी वावर काढतोय हे त्या माणसाला गावात कळू द्यायचं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे कळलं.

दुसऱ्या रीतीत आधी फक्त गोषवारा द्यायचा: तालुका, कोणत्या रस्त्यापासून किती आत, क्षेत्र, जमीन भारी की बरड, ओलित की कोरडवाहू, भोगवटादार वर्ग 1 (मोकळेपणाने विकता येणारी) की 2 (विकायला परवानगी लागणारी), मागणी किती. गाव आणि गट नंबर प्रत्यक्ष वावर पाहायला येणाऱ्यालाच. इथे गिऱ्हाईकं गळतात, हे मान्य करूनच ही रीत धरावी. 'आधी सातबारा टाका' म्हणून फोन ठेवणारे बरेच भेटतात. त्यावर माझा उपाय असा, की मी त्यांचाच सातबारा आधी मागतो. विदर्भाच्या 1958 च्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे ही मागणी कोणाला टोचत नाही. ज्याच्याकडे शेतीच नाही तो तिथेच कळतो आणि वावराचा गट नंबरही झाकलेला राहतो.

मात्र गट नंबर झाकणं वेगळं आणि दोष झाकणं वेगळं. नवा माणूस इथेच चुकतो. सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, बहिणींची नावं लागलेली आहेत, पांदण (वावराकडे जाणारी वाट) शेजाऱ्याने नांगरून टाकली आहे, हे दोन्ही रीतींत पहिल्याच बोलण्यात सांगावं. जमीन वर्ग 2 ची असेल, तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची असेल, तर परवानगीशिवाय ती बिगर आदिवासीच्या नावे होतच नाही. हे दडवून गिऱ्हाईकाला वणीहून पुसदपर्यंत आणलंत तर तो पुन्हा तुमचा फोन उचलणार नाही. 'विहीर आहे' एवढं सांगूनही भागत नाही, फाल्गुनात तिला पाणी किती राहतं ते सांगा. तुम्हाला माहीत नसेल तर शेजारच्या धुऱ्यावरच्या माणसाला विचारून घ्या.

मग कोणती रीत धरायची? ते तुमच्या इसारपत्रावर आहे. इसार लेखी असेल, रक्कम चेकने दिलेली असेल, मुदत लिहिलेली असेल आणि 'घेणार किंवा घेणार सांगतील त्यांच्या नावे खरेदीखत करून देऊ' हे वाक्य त्यात असेल, तर पहिली रीत खुशाल चालवा, कास्तकाराची हरकत नसेल तर. इसारच तोंडी असेल, तर दुसरी. फक्त इसारपत्राने जमिनीवर तुमची मालकी येत नाही. म्हणून गिऱ्हाईकाला 'माझं वावर आहे' असं कधी सांगू नका, 'माझा इसार झालेला आहे' असं सांगा.

एनए (बिगरशेती) लेआउटमधले प्लॉट यात धरू नका. महारेरात, म्हणजे प्लॉट-घरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला प्रकल्प असेल, तर दलालालाही नोंदणी लागते आणि जाहिरातीत प्रकल्पाचा क्रमांक द्यावाच लागतो.

आता मी दुसरीच रीत चालवतो. गिऱ्हाईक वावर पाहून 'जमतं' म्हणालं, की डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि इसारपत्राची नक्कल एका फाईलमध्ये घालून त्याच्या हातात देतो आणि त्याच्या वकिलाकडून मालकीचा शोध घ्यायला आठ दिवस देतो. फाईल देण्याआधी संध्याकाळी कास्तकाराला फोन करतो: 'भाऊ, आता तुमचं नाव त्याला कळणार आहे, चालते ना?'