स्क्रीनचं ‘कोटिंग’ परत मारून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

लॅपटॉपच्या स्क्रीनवर फुगे आलेत, पापुद्रा सुटतोय आणि दुरुस्तीवाला म्हणतोय, “कोटिंग गेलंय, मशीनवर नवीन मारून देतो,” तर लॅपटॉप उचला आणि बाहेर पडा. तसलं मशीन त्याच्याकडे नसतं. माझ्या बाबतीत या एका वाक्याच्या आडून अख्खं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा मूळ भागच, बदललं गेलं.

माझा लॅपटॉप टचस्क्रीनवाला नाही. पडदा मॅट, म्हणजे न चकाकणारा, आणि पॅनेल आयपीएस प्रकारचं, म्हणजे तिरकं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते, त्यामुळे रंगांसाठी पॅनेल बघूनच तो घेतला होता. वॉरंटी कधीच संपली होती. डाव्या कोपऱ्यात, खालच्या कडेला बारीक पुळ्यांसारखे फुगे उठले. हळूहळू ते एकमेकांत मिसळले आणि कडेचा पापुद्रा नखाने उचलता येईल इतका सुटला. चित्र तिथेही दिसत होतं, फक्त धूसर.

दुरुस्तीवाल्याने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. “ताई, पॅनेल एकदम ओके आहे. वरचं नॅनो कोटिंग उडालंय. बाकीचे पॅनेल बदलायला सांगतील, उगाच खर्च. मी कोटिंग मारून देतो, निम्म्यात होईल.” महागडा खर्च टाळायला सांगणारा माणूस आपल्या बाजूचा वाटतो, आणि मेख तिथेच आहे. पावतीवर त्याने ‘डिस्प्ले काम’ एवढंच खरडलं आणि लॅपटॉप ठेवून घेतला. म्हणे कोटिंग सुकायला वेळ लागतो.

परत मिळाला तेव्हा पडदा गुळगुळीत होता, एकही फुगा नाही. घरी काम उघडलं आणि खटकायला लागलं. पांढऱ्या पानावर बारीक रवाळ चमक दिसत होती. काळा रंग राखाडी झाला होता. पडदा जरा मागे झुकवला की चेहरे काळवंडायचे आणि रंग निगेटिव्हसारखे उलटे व्हायचे. आयपीएस पॅनेल असं करत नाही, टीएन प्रकारचं स्वस्त पॅनेल करतं. कडेला नख लावलं तर चौकटीच्या केसभर अलीकडे संपणारी प्लास्टिकची फिल्म हाताला लागली. वरून चिकटवायची साधी मॅट फिल्म. हेच त्याचं मशीनवरचं कोटिंग!

पॅनेल बदलल्याचा पुरावा लॅपटॉपमध्येच सापडला. प्रत्येक पॅनेलच्या चिपमध्ये त्याची ओळख साठवलेली असते आणि विंडोज ती वाचून ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्स उघडा, पॅनेलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्समध्ये जा आणि हार्डवेअर आयडी बघा. उत्पादकाची तीन अक्षरं आणि त्यापुढे मॉडेलचा आकडा दिसतो. आता वरच्या व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. पूर्वी जोडलेले मॉनिटर फिकट अक्षरांत उगवतात. माझ्याकडे चालू असलेल्या पॅनेलचा आयडी एक होता आणि त्याखाली, फिकट, जुन्याचा दुसराच. घरी तुम्ही कधी बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला असेल तर त्याचीही नोंद तिथे असते, तेवढी वगळायची. विंडोज नव्याने टाकलं तर मात्र ही जुनी नोंद पुसली जाते. त्यामुळे स्क्रीनच्या कामासाठी कुणी “विंडोजपण मारून देतो, फ्री” म्हणालं तर नको म्हणा.

“दादा, पॅनेल बदललंय का?”

“नाही ताई, तेच आहे. कोटिंगमुळे अँगल जरा बदलतो.”

दोन्ही नोंदी समोर ठेवल्यावर सूर पालटला. “अहो, कोटिंग मारताना तुमचं पॅनेल गेलं, म्हणून मी पदरचं दुसरं टाकलं. तुमचं नुकसान होऊ दिलं नाही.” म्हणजे एका दमात तो माझा उपकारकर्ताच झाला. जुनं पॅनेल कुठाय? “भंगारात गेलं.” बरीच वादावादी झाल्यावर थोडे पैसे परत मिळाले. पॅनेल मिळालं नाही. ‘डिस्प्ले काम’ या दोन शब्दांत काहीही बसतं, त्यामुळे पावती दाखवूनही मला फार ताणता आलं नाही.

आता या कोटिंगच्या थापेबद्दल. मॅट पडद्यावर वेगळं कोटिंग असं फारसं काही नसतंच. एलसीडीच्या काचेवर सगळ्यात बाहेर पोलरायझरची, म्हणजे ठरावीक दिशेतलाच प्रकाश पुढे सोडणारी, प्लास्टिक फिल्म गोंदाने चिकटवलेली असते आणि तिचाच वरचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो. उष्णता आणि दमटपणाने गोंद सुटतो, मग कडेकडून फुगे येतात. माझं तेच झालं होतं. ही फिल्म बदलता येते, पण जुनी खरवडून, गोंद काढून, नवी नेमक्या कोनात बसवावी लागते. कोन चुकला तर चित्र फिकं किंवा उलट्या रंगांचं दिसतं, आणि लॅपटॉपच्या पॅनेलची पातळ काच त्या खटाटोपात सहज तडकते. तरीही कुणी सरळ “पोलरायझर बदलतो, काच फुटण्याचा धोका आहे” असं म्हणालं, तर तो निदान खरं बोलतोय.

चकचकीत काचेच्या पडद्यांवर मात्र खरंच कोटिंग असतं, प्रतिबिंब कमी करणारं. ते कारखान्यात निर्वात कक्षात चढवतात, ब्रशने किंवा फवाऱ्याने नाही. की-बोर्डची बटणं टेकतात तिथे, कॅमेऱ्याभोवती, किंवा चुकीच्या क्लीनरने पुसल्यावर ते चट्ट्याचट्ट्याने उडतं. अशा तक्रारी वाढल्यावर अ‍ॅपलने २०१५ मध्ये काही मॅकबुकचे डिस्प्ले मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. बदलून, बरं का! ज्यांनी ते बनवलं त्यांनीही नवं कोटिंग मारून दिलं नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी तुमच्या मॉडेलसाठी कंपनीची अशी काही सवलत आहे का ते विचाराच. तीही नसेल तर उरलेलं कोटिंग पूर्ण काढून टाकणं हा एक मार्ग असतो. चित्र तसंच राहतं, फक्त खिडकी, दिवा, स्वतःचा चेहरा पडद्यात जास्त दिसायला लागतो. पण काचेवरचं कोटिंग काढायला लोक सुचवतात ते माउथवॉश आणि खायच्या सोड्याचे घरगुती उपाय मॅट पडद्यावर करू नका. तिथे काच नाही, प्लास्टिक आहे, ते कायमचं ओरखडतं.

टचस्क्रीनचे फुगे आणखी वेगळे. तिथे वरची काच आणि पॅनेल यांच्यामधला पारदर्शक गोंद सुटलेला असतो. ते काम व्हॅक्यूम आणि दाबाच्या यंत्राशिवाय नीट होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी काच आणि पॅनेल मिळून अख्खा भागच बदलतात. या सगळ्याआधी, लॅपटॉपवर कधीकाळी लावलेला स्क्रीनगार्ड तर सुटत नाहीये ना, हे बघा. काही जणांचा खर्च तिथेच वाचेल.

काम होऊन आलेला पडदा पोलरॉइड गॉगलमधून, मान तिरकी करून बघा. पडद्यावर साधी प्लास्टिक फिल्म चिकटवली असेल तर बहुतेक वेळा इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. मला हे उशिरा कळलं, तोवर फिल्म नखाने उचलून झाली होती.

शेवटी मी आयपीएस पॅनेल दुसरीकडे बसवून घेतलं. देण्याआधी हार्डवेअर आयडीचा फोटो काढला. नव्या पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलवरचा पूर्ण नंबर पावतीत लिहायला लावला, शिवाय आयपीएस, रिझोल्यूशन, पिनांची संख्या आणि ‘जुना भाग ग्राहकाला परत’ हेही. पिनांचं विचारायचं कारण असं की साध्या आणि टचच्या किंवा जास्त रिफ्रेश रेटच्या (सेकंदाला जास्त वेळा चित्र ताजं करणाऱ्या) पॅनेलचा कनेक्टर बऱ्याचदा वेगळा असतो, ३० किंवा ४० पिनांचा, आणि “तुमच्यात हेच बसतं” ही थाप तिथूनच सुरू होते. या माणसाने सगळं न कुरकुरता लिहून दिलं आणि काढलेलं टीएन पॅनेल पिशवीत घालून हातात ठेवलं. कुणाला हवं असेल तर कळवा, ३० पिनांचं आहे. नॅनो कोटिंग फुकट.